गोदाक्कांच्या यकृतातले परके

पेशीगणना संपली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि गोदाक्का शेट्यांना भूक लागली होती. शुद्धीकक्षातल्या काचेच्या पलंगावर त्यांचा हा तिसरा दिवस. चाळीस वर्षं साताऱ्यात मटणाची खानावळ चालवलेल्या बाईला हे लोक दोन दिवस बिनमिठाची पेज पाजत होते. आज तर तीही बंद.

"एवढं काय मोजायचंय आत?" त्या लेकीवर, नलूवर, खेकसल्या. "मी बकरं एका हातानं रिकामं करत होते. गुर्दा, तिल्ली, फुप्फुस, काळीज. संपलं मोजून."

डॉक्टर तेलंगबाई हसल्या. "आक्का, तुमचं काळीज म्हणजे आमचं यकृत. ते पेशींचं बनलेलं असतं. सारख्या पेशी मिळून ऊती, आणि ऊती मिळून अवयव. तुमच्याकडे भाकरी थापणारी एक बाई, मग थापणाऱ्यांची रांग, मग सगळं स्वयंपाकघर, तसंच. शुद्धीत यंत्र प्रत्येक बाईला विचारतं, तू इथलीच ना? इथली असली तर तिची दुरुस्ती. नसली तर बाहेर."

"बरं आहे. माझ्याकडेही तसंच होतं."

तेवढ्यात यंत्र बांधणारे डॉक्टर बाबर आत आले. चेहरा उतरलेला. ते तेलंगबाईंशीच बोलले, पण आक्कांचे कान अजून शाबूत होते.

"यकृतात चौदा टक्के पेशींवर दुसरीच जनुकमुद्रा आहे. पुरुषाची. अर्धी आक्कांशी जुळते."

"म्हणजे मुलाच्या. पोटात असताना बाळाच्या काही पेशी नाळेतून आईत येतात आणि वर्षानुवर्षं राहतात. नलूताईंच्याही सापडल्याच की अस्थिमज्जेत. पण चौदा टक्के?"

"मीही एवढ्या कधी पाहिल्या नव्हत्या. नलूताईंच्या पेशी यंत्रानं राहू दिल्या, कारण अर्जात त्यांचं नाव आहे. मुलगा अर्जात नाही. नोंद नसलेली मुद्रा ती परकी. तीन वाजता शुद्धी सुरू झाली की आधी या पेशी बाहेर जाणार."

"आणि यकृताचं काम?"

"तेच तर. आक्कांच्या स्वतःच्या पेशी थकल्यात. सगळा भार हे चौदा टक्केच ओढतायत. ते गेले तर आक्का उद्या नाहीत. शुद्धीच रद्द केली तर फार तर आठवडा."

तेलंगबाई पलंगापाशी आल्या. "आक्का, तुम्हाला मुलगा आहे?"

"नाही."

नलू फरशीकडे बघत राहिली.

अकरा वर्षांपूर्वी आक्कांचे यजमान गेले. त्यांनी देहदानाच्या कागदावर सही करून ठेवली होती, आणि भालचंद्रानं, त्यांच्या मुलानं, आईला न विचारता बापाचा देह वैद्यकीय महाविद्यालयात पोचवला. कोवळ्या पोरांनी त्यावर हाडांची नावं पाठ करायची होती. यजमानांना ना अग्नी मिळाला, ना आक्कांना अस्थी. तेराव्या दिवशी त्यांनी परसात डोक्यावर घागर ओतून घेतली आणि जिवंत मुलाच्या नावानं आंघोळ केली. तेव्हापासून तो मेला. शुद्धीच्या अर्जात 'अपत्ये' या रकान्यापुढे त्यांनी नलूला 'एक' लिहायला लावलं आणि नलूनं लिहिलं. आईनं सांगितलेलं खोडायची त्या घरात पद्धत नव्हती.

नलूनं आता ते सगळं डॉक्टरांना सांगितलं. आक्कांनी अडवलं नाही. अडवायलाही अंगात जोर लागतो.

बाबर सावकाश म्हणाले, "नोंद अजून करता येते. मुलगा मृत असेल तर आईचा शब्द पुरतो. जिवंत असेल तर त्या पेशी त्याच्याही ठरतात. मग त्याचा होकार लागतो, त्याच्याच तोंडून."

सुटकेची वाट सगळ्यांनाच दिसली. एक शब्द. तोही अकरा वर्षं गावभर सांगितलेला.

"दाखवा मला," आक्का म्हणाल्या.

पडद्यावर यकृत आलं. आक्कांच्या पेशी राखाडी, निपचित. मधे मधे पिवळे पुंजके धडधडत होते, त्यांच्यावर 'परके' अशी पाटी.

"हे पिवळे?"

"हो."

"कधीपासून?"

"तो पोटात होता तेव्हापासून. त्याच्या वयाइतके."

"अडतीस," नलू पुटपुटली.

"सुट्टी नाही घेत?"

"नाही, आक्का."

आक्कांनी डोळे मिटले. फार दमल्या होत्या, आणि रागही धरून धरून जुना झाला होता. "जो चुलीपुढे उभा आहे त्याला मेला म्हणून कसं लिहू? जिवंत लिहा. नले, लाव फोन. चोरून बोलतेस ते मला ठाऊक नाही वाटतं?"

फोन लागला. "बोल गं नलू."

"नलू नाही. मी आहे."



"बापाचा देह मला न विचारता देऊन टाकलास," आक्का म्हणाल्या. "तुझा थोडा माझ्यात राहिलाय. तो काढायला निघालेत. मी विचारून ठेवतेय. ठेवू का?"

मग आवाज आला, ओला. "ठेव, आई."

बाबरांनी नोंद केली. पडद्यावरची 'परके' ही पाटी गेली.

"आई, जेवलीस का?"

"पेज देत होते," आक्का म्हणाल्या. "बिनमिठाची. येताना मीठ घेऊन ये."