फोटोआधीचं गवत

दवाखान्याच्या दारात दोघांची टक्कर झाली तेव्हा कानाएच्या हातात पेशंटच्या सपाता होत्या आणि त्याच्या हातात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुडी. बाहेर जपानमधल्या निइगाता शहराचा तो धड पाऊस नाही, धड बर्फ नाही असा ओला पसारा पडत होता. जुडी सुटली, हिरवी पानं फरशीभर झाली. कानाए चटकन खाली बसली.

"माफ करा हं, तुमची भाजी..."

"भाजी नाही ही," तो पानं गोळा करत म्हणाला. "पण तुम्हाला भूक लागली असेल तर... बघू काहीतरी."

तो योहेई. पाणवनस्पतींच्या दुकानातून आला होता. दातांचे डॉक्टर इगाराशी यांनी बाहेरच्या खोलीत भलीमोठी काचेची टाकी आणून ठेवली होती, पेशंटना खुर्चीची धास्ती वाटू नये म्हणून. टाकी डॉक्टरांची, मेहनत योहेईची; बदल्यात मे महिन्यात पाण्यातल्या बागांची जी मोठी स्पर्धा होते, तिला तो याच टाकीचा फोटो पाठवणार होता. गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असे, तेव्हा तो येई. त्या वेळी नोंदणीच्या टेबलावरच्या कानाएनं खरं तर दार लावून घरी जायचं. ती काही गेली नाही.

कोपरापर्यंत बाह्या दुमडून तो लांब चिमट्यानं गवताची एकेक काडी वाळूत रोवायचा. एकदा त्यानं चिमटा तिच्या हातात दिला. तिनं लावलेल्या काड्या एकामागून एक सुटून वर आल्या.

"कानाए-सान, तुमच्या हाताला फार घाई."

"आणि तुमच्या हाताला सावकाशीची सवय. एवढ्यात माझी आजी स्वेटर विणून घालून मोकळी झाली असती."

तो हसला आणि तिच्या बोटांवर बोटं ठेवून चिमटा थोडा तिरपा केला. पाणी कोमट होतं. काडी रुतली... आणि बोटं मात्र तिथंच राहिली, जरा जास्तच वेळ.

रस्त्यावरचा बर्फ वितळेपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. तो बांबूच्या पानात गुंडाळलेले डांगो, तांदळाच्या पिठाचे गोड गोळे, आणायचा, दोघं टाकीसमोर बसून खायची. पुढच्या काठावर गवत दाट झालं. दिवा लागला की त्याच्या पात्यांवर बारीक बुडबुडे धरत आणि कानाएला उगीचच हसू येई. ती प्रेमात पडली होती, आणि हे तिच्याआधी सगळ्या दवाखान्याला कळलं होतं.

एका गुरुवारी योहेईनं फोटो कसा काढतात ते सांगितलं. टाकीतल्या सगळ्या नळ्या काढून घ्यायच्या आणि कुणीतरी वरून पाण्यावर हेअर ड्रायरचा वारा घालायचा, म्हणजे लहर उठते आणि उजेड खाली नाचतो.

"वारा घालायचं काम तुझं," तो म्हणाला.

"आणि मग?"

"मग टाकी मोडायची. सगळेच मोडतात. बहरात असतानाच फोटो घ्यायचा आणि मुळापासून उपटायचं." वाकडी कात्री पुसून टाकीखालच्या अवजारांच्या डब्यात ठेवत तो म्हणाला, "फोटो झाला की... तुला एक सांगायचंय."

कानाएच्या मनात आलं, टाकी नाही म्हणजे गुरुवारही नाही. त्यात डॉक्टरांच्या पत्नी इगाराशीबाईंनी चहा पिता पिता सांगून टाकलं की गेल्या वर्षी त्यानं एका हॉटेलात टाकी लावली होती, तिथलीही एक मुलगी अशीच थांबायची. टाकी मोडली आणि स्वारी पसार. खरं-खोटं बाईंनाच ठाऊक. कानाएनं मात्र ते खरं धरलं.

फोटोच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, तिनं त्याच्या डब्यातली वाकडी कात्री काढली आणि पुढचं सगळं गवत वाळूलगत कापलं. मुदत चुकेल हे तिला माहीत होतं. स्पर्धा पुढच्या वर्षीही असते. म्हणजे वर्षभर गुरुवार. एवढाच हिशेब तिनं केला होता.

दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा घेऊन आला. ती ड्रायर धरून उभी होती, घरून शिकून आल्यासारखी. त्यानं टाकीकडे पाहिलं. नळीच्या तोंडाशी हिरवी टोकं अडकली होती.

"टाकीतल्या कोळंबीनं खाल्लं असेल," कानाए म्हणाली.

"कोळंबी कात्री धरत नाही."

तिला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं तिनं... हॉटेलातली मुलगी, गुरुवार, भीती. तो अगदी हळू बोलला.

"ती मुलगी माझी बहीण होती. आणि आज मी विचारणार होतो, की टाकीच्या निमित्ताशिवाय भेटशील का."

"मग विचार ना आता."

त्यानं नकारार्थी मान हलवली. "त्यातली एकेक काडी कशी लावली ते तू पाहिलंस. न पाहणाऱ्यानं कापलं असतं तर मी हसून सोडलं असतं."

"तू तरी आधी बोलायचं होतंस."

"हो," तो म्हणाला. "बोलायला हवं होतं." त्यानं कॅमेरा पिशवीत घातला आणि दारात वाकून नमस्कार केला. "कानाए-सान, पाणी बदलायला दुकानातून दुसरं कुणी येईल. तुम्ही दार लावून घ्या."

कापलेलं गवत पहिल्यापेक्षा दाट येतं. जूनच्या अखेरीस पुढचा काठ असा भरला की पेशंट आत जायचं विसरू लागले. दुकानातून येणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं की एवढी सुंदर टाकी योहेईच्या हातून कधी झाली नव्हती. कानाएनं तो कसा आहे असं विचारलं; म्हातारा म्हणाला, बरा आहे, दुसरीकडे टाकी लावतोय.

त्या गुरुवारी दवाखाना बंद झाल्यावर तिनं नळ्या काढल्या, दिवा लावला आणि ड्रायर पाण्यावर धरला. लहर उठली. उजेड गवतावर नाचायला लागला, त्यानं सांगितलं होतं अगदी तसाच. समोर कॅमेरा घेऊन कुणी नव्हतं. हात भरून येईपर्यंत ती वारा घालत राहिली.