पुन्हा एकदा रक्त द्यायला

"तुमचं रक्त गोठलं. पुन्हा द्यायला याल का?"

लॅबमधून फोन होता. अशा वाक्याने कुणाचं प्रेम सुरू होतं का? माझं झालं.

गेले, तर समोर काल रक्त घेणारा तोच, कुरळ्या केसांचा. मान खाली घालून म्हणाला, "चूक माझीच. रक्त घेतल्यावर नळी लगेच हळूहळू उलटीसुलटी करायची असते, म्हणजे आतलं, रक्त गोठू न देणारं औषध मिसळतं. मी विसरलो."

"का बरं?"

"तुम्ही बोलत होतात ना..." तो कानापर्यंत लाल झाला.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर तोंड चालू. कालही सुई टोचेपर्यंत त्याला दुकानातल्याच गमती सांगत होते.

पुढच्या आठवड्यात हेच साहेब आमच्या दुकानात हजर! मी सगळ्या काचा लावून पाहिल्या. "तुम्हाला चष्म्याची गरज नाही."

"माहीत आहे. चहाची आहे. येता?"

मग चहा, फेरफटके, एका छत्रीत दोघांनी अर्धं अर्धं भिजणं... सगळं रीतसर. ताईला तर तो इतका आवडला, की ती त्याची बाजू घेऊन उलट मलाच दटावू लागली. आणि एका संध्याकाळी, बागेतल्या बाकावर त्याने लग्नाचं विचारलं.

आता सांगायलाच हवं होतं.

"माझं एक लग्न मोडलंय. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा बाळ पोटातच गेलं. माझं रक्त नको तेव्हा गोठतं... तू घेतलंस ते त्याच तपासणीसाठी."

"नळीवर तपासणीचं नाव होतं," तो हळूच म्हणाला. "बाकीचं तू सांगशील तेव्हा ऐकायचं होतं."

"डॉक्टर म्हणतात, पुढच्या वेळी रोज इंजेक्शन घेतलं तर बरीच आशा आहे. पण खात्री कुणीच देत नाही."

तो माझ्याकडे वळून बसला. मग म्हणाला, "तेव्हा दवाखान्यात तुझ्याजवळ कोण होतं?"

"ताई. तेव्हाचा नवरा दुसऱ्या वेळी आलाच नाही. म्हणाला, दरवेळी काय तेच रडगाणं." मी त्याच्याकडे पाहिलं. "आणि तिसऱ्यांदाही गेलं तर?"

"तर आपण दोघं रडू."

माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं.

"मला फार भीती वाटते रे."

"मलाही वाटते," तो म्हणाला.

आणि मग मला 'हो' म्हणता आलं.