अर्ध्यावरचा काटा

गाडी उघडली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, आणि दुपारी दोनला काही कोणाला भीती वाटत नाही. निदान फ्यूजचा तरी तसा समज होता.

फ्यूज हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दहाव्या वर्षी दारावरच्या बेलमध्ये सुधारणा करायला गेला आणि अख्ख्या इमारतीची वीज घालवून बसला, तेव्हापासून सख्खी आईसुद्धा त्याला ह्याच नावानं हाक मारते. आता तो घरबसल्या मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. दुरुस्तीला तीन दिवस लागतात. थापा लगेच मिळतात.

गाडी म्हणजे त्याच्या दादाची मोटरसायकल. तीन महिन्यांपूर्वी पुलाच्या चढावर तिच्यातलं पेट्रोल संपलं. दादा उतरून ढकलत होता आणि मागून ट्रक आला. गाडीचा मागचा दिवा फुटला. बाकी गाडीला काही झालं नाही.

"एवढा व्यवस्थित माणूस, पेट्रोल बघायला विसरलाच कसा?" भेटायला येणारा प्रत्येक जण हेच विचारायचा, आणि वहिनी मान खाली घालून बसायची. त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. ओला टॉवेल पलंगावर टाकण्यावरून. माणूस डोकं तापवून घराबाहेर पडला म्हणून पेट्रोल बघायचं राहिलं, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. तो टॉवेल तिनं अजून धुतला नव्हता.

खरं काय झालं ते एकट्या फ्यूजला माहीत होतं.

दादाच्या गाडीचा पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं बंद होता. म्हणून दादा रोज सकाळी पावणेसातला हँडल धरायचा, गाडी तीनदा हलवायचा आणि टाकीला कान लावायचा. खळ्ळ... खळ्ळ... खळ्ळ. आवाजावरून त्याला लिटर कळायचे. शेवटी दादाच्या वाढदिवसाला फ्यूजनं काटा दुरुस्त करून दिला. "आता पाळणा हलवणं बंद. काट्यावर विश्वास ठेव." दादानं ठेवला.

महिनाभरानं फ्यूजच्या हाताला खाज सुटली. सीटखाली, टाकीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटकडून काट्याकडे जाणारी वायर त्यानं कापली आणि तिथे वीज अडवणारा, तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर बसवला. काटा अर्ध्यावर चिकटला. दादा चार दिवस गल्लीभर सांगत फिरला, "काटा हलतच नाही! नुसती हवा खाऊन पळते रे ही!" फ्यूज पोट धरून हसला. रविवारी जेवताना सगळ्यांसमोर गुपित फोडायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

ट्रक शुक्रवारी आला.

आणि आता वहिनी म्हणाली होती, "गाडी मी चालवणार. हेडलाइट फडफडतो आणि काटा अडकलाय, तेवढं बघून दे." मग जरा थांबून हळूच म्हणाली, "आणि सकाळी आवाज येतो खालून... पावणेसातला."

"कसला?"

"जाऊ दे. तू वायरिंग बघ."

जिन्याखालची खोली अरुंद. धूळ आत येते म्हणून शटर निम्मं खाली ओढलेलं, त्यामुळे भरदुपारी आत काळोख. जुन्या रबराचा आणि गंजाचा वास. पेट्रोलचा वास मात्र अजिबात नाही, कारण सकाळीच फ्यूजनं टाकी काढून धुतली होती, कडक ऊन दाखवून वाळवली होती आणि आत टॉर्च मारून खात्री केली होती. खडखडीत कोरडी. मगच परत बसवली होती.

वहिनी स्टुलावर बसून टॉर्च धरत होती. हेडलाइटचं दुखणं साधं निघालं, अर्थिंगची वायर सैल होती. मग त्यानं सीट काढली.

"जरा तिकडचा पाना दे ना."

ती वळली तेवढ्यात त्यानं टेप सोलून रेझिस्टर उपटला आणि मुठीत लपवला. फ्लोटची वायर नीट जोडली. टाकी रिकामी, म्हणजे काटा आता तळाला जाणार. त्यानं चावी फिरवली.

काटा अर्ध्यावर.

त्यानं फ्लोटची वायर सोडवली. अर्ध्यावरच. मीटरच्या मागची पिन उपटली. अर्ध्यावरच. बॅटरीची दोन्ही टोकं काढून बॅटरी जमिनीवर ठेवली.

"झालं?" वहिनीनं विचारलं.

"होतंय."

काही मीटरचे काटे वीज गेली तरी जागीच राहतात, हे त्याला माहीत होतं. त्यानं काचेवर टिचकी मारली. काटा गपकन तळाला पडला. फ्यूजनं सुस्कारा सोडला.

मग काटा उठला. म्हातारा माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठतो तसा, सावकाश... अर्ध्यापर्यंत आला आणि थांबला.

वहिनीनं टॉर्च खाली जमिनीकडे वळवला.

"फ्यूज... बॅटरी तर तुझ्या पायाशी आहे."

मुठीतला रेझिस्टर तळहाताला टोचत होता. ह्या काट्याबद्दलही एखादी थाप मारता आली असती. दोन-तीन तयारही होत्या. पण त्यानं मूठ उघडली.

"वहिनी, दादा विसरला नव्हता. त्यानं बघितलं होतं. काट्यानं अर्धी टाकी दाखवली... ती मी दाखवायला लावली. गंमत म्हणून. हा बसवून."

तिनं त्या दाण्याकडे बघितलं. बाहेरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"म्हणजे टॉवेलमुळे नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तीन महिने मी..." तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती मोठ्यानं रडली, स्टुलावर बसून, टॉर्च मांडीत घट्ट धरून. फ्यूज तिच्याजवळ सरकला तशी तिनं हातानंच त्याला लांब थांबवलं.

"मला काय सांगतोस? त्याला सांग."

आता गाडीशी काय बोलणार! पण तो बोलला. टाकीसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "दादा... चुकलो रे. रविवारी सांगणार होतो. आईशप्पथ सांगणार होतो."

हँडलला कोणाचाच हात नव्हता.

खळ्ळ.

...खळ्ळ.

...खळ्ळ.

वास आधी आला. ताज्या पेट्रोलचा, डोळे चुरचुरतील इतका. वहिनी उठली, तिनं टाकीचं झाकण उघडलं आणि आत उजेड मारला. टाकी अर्धी भरली होती. ना थेंब कमी, ना थेंब जास्त.

"काटा बरोबर आहे," ती म्हणाली.

तेव्हापासून वहिनी रोज गाडी घेऊन कामाला जाते. टॉवेल धुतला. फ्यूजशी ती फक्त गाडीबद्दलच बोलते, "ब्रेक घट्ट कर", "चेन उतरतेय", एवढंच, आणि तो तेवढ्यावर दिवस काढतो. दोन महिन्यांत कोणी पेट्रोल भरलेलं नाही. न राहवून एकदा फ्यूजनं टाकी काठोकाठ भरून आणली. घरी येऊन झाकण उघडलं तर अर्धी. पंपावरच्या पोऱ्याशी तो उगाच भांडून आला.

आज सकाळी पावणेसातला तो जिन्याखाली उभा होता. वहिनी हेल्मेटचा पट्टा लावत होती. त्यानं मीटरकडे बघितलं.

काटा अर्ध्याच्या खाली होता. केसभर.

"काय बघतोस?"

गेल्या वेळी तो गप्प बसला होता.

"वहिनी, काटा हललाय. आज... आज नको जाऊस."

तिनं हँडल धरलं आणि गाडी हलवली. एकदा, दोनदा, तीनदा. आतून काहीच आवाज आला नाही. तिनं हेल्मेटचा पट्टा घट्ट ओढला. मग गाडीवर बसली.

"मागे बस."

"मी?"

"ढकलायची वेळ आली तर कोणालाच एकट्यानं ढकलायला नको."

फ्यूज गुपचूप मागे बसला. गाडी रात्रभर सावलीत उभी होती, तरी सीट गरम होती. आत्ताच कोणीतरी उठून त्याला जागा करून दिल्यासारखी.