वरून न आलेला फोन

हे खरं आहे. पटत नसेल तर आमच्या आईसमोर बसून तिला खोटं पाडून दाखवा. माझ्याने झालं नाही.

गेल्या जानेवारीतला रविवार. आमचं घर तळेगाव श्यामजीपंतला. दिवेलागण झाली होती.

माझा धाकटा भाऊ रत्नदीप फौजेत, बर्फातल्या एका चौकीवर. दर रविवारी तो सैन्याच्या उपग्रहावरून फोन करायचा. पहिल्यांदा त्यानेच आईला समजावलं होतं.

"तो उपग्रह लय उंच हाय, आई. पृथ्वीसंगंच फिरते, म्हून एकाच जागी उभा वाटते. तुहा आवाज तिथवर जाऊन मंग मायापाशी येते. बोलली का थांबत जाय."

"एकटाच उभा राह्यते? त्याले भूक नाई लागत?" आई म्हणाली होती.

पण शिकली ती. एक वाक्य बोलायची, एक श्वास थांबायची, मग त्याचं उत्तर यायचं. घाई केली की दोघांचे आवाज एकमेकांवर आदळायचे, आणि मी तिच्यावर चिडायचे.

त्या रविवारी सकाळी टीव्हीवर बर्फ कोसळल्याची बातमी आली. कुठली चौकी, ते सांगेनात. आईने दिवसभर घास घेतला नाही.

दिवे लागले... आणि फोन वाजला.

"रत्ना, बरा हायेस ना बापा..."

"बरा हाय. तू जेवली काऊन नाई?"

आई हसली, मग रडली. माझा जीव भांड्यात पडला. फोन स्पीकरवर होता.

मग लक्षात आलं...

त्याच्यामागे नेहमीचा वारा नव्हता.

आणि मधला तो श्वासही नव्हता. आईचं वाक्य संपायच्या आत त्याचं उत्तर येत होतं. ओट्यापाशी उभा असल्यासारखं.

"रत्ना, कुठून बोलून राह्यला तू?" मी विचारलं.

उत्तर लगेच आलं.

"आधी आईले जेवू दे."

फोन बंद. आई त्या रात्री पोटभर जेवली.

सकाळी त्याच्या युनिटमधून कळवलं. चौकी रविवारी पहाटेच गाडली गेली होती. तो गेला होता. मी संध्याकाळच्या फोनचं सांगितलं.

फोनवरच्या साहेबांनी वेळ पुन्हा विचारली. मग म्हणाले, "चौकी का वो फोन सेट भी बर्फ के नीचे है, बहन."

मी अजून कुणाशीही फोनवर बोलताना एक श्वास थांबते. लोक हसतात. हसू देत. उत्तर लगेच आलं की मला भीती वाटते.

आई आता थांबत नाही.

काल संध्याकाळी मी बाहेरून आले. ती ओट्यापाशी एकटीच होती, हातात फोन नव्हता...

"हो बापा, जेवीन ना मी," ती म्हणाली.

कोणाशी बोलतेस, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.