नायगावचा टेनर

"अर्धा तास उशीर! चला, टेनरच्या रांगेत उभे राहा, गॅब्रिएल अंकलच्या बाजूला."

मी सुमेधशी बोललेलं हे पहिलं वाक्य. भुईगावला आमच्या चर्चच्या हॉलमध्ये मी कीबोर्डवर गायनमंडळाची प्रॅक्टिस घेत होते, आणि नायगावहून एक टेनर पाठवतो असं फादरनी मला सांगितलं होतं. टेनर म्हणजे पुरुषांचा वरच्या पट्टीतला आवाज. आमच्याकडे त्याचा कायम दुष्काळ! दारात एक उंच, चष्मेवाला मुलगा छत्री झटकत उभा होता. एवढं बोलून मग मी विचारलं, "नायगावचेच ना?" तो म्हणाला, "हो, पण—" आणि 'पण' ऐकून घेणाऱ्यातली मी नाहीच.

बिचारा उभा राहिला. गायलासुद्धा! असा बेसूर गायला, की माझ्या मैत्रिणीने, हिल्डाने, तोंडात ओढणी कोंबली.

"तुम्हाला नक्की फादरनी पाठवलंय?" शेवटी मी विचारलं.

"नाही. मी फादरना भेटायला आलोय. मी इतिहासाचा संशोधक आहे."

"अहो, मग गायलात कशाला?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून..." तो म्हणाला, आणि असा काही हसला— जाऊ दे. सगळा घोटाळा त्या हसण्यापासून सुरू झाला.

त्याच्या संशोधनाचा विषय ऐकून मी आधी जांभईच दिली. आधुनिक युरोपातली सांस्कृतिक मुत्सद्देगिरी आणि सॉफ्ट पॉवर! फार वर्षांपूर्वी युरोपातलं एक गायनमंडळ आमच्या चर्चमध्ये गाऊन गेलं होतं, त्याची माहिती काढत तो आला होता. माहिती एका दिवसात मिळाली. तरी पुढच्या शनिवारी तो हजर... त्याच्या पुढच्याही. खरा टेनर काही आलाच नाही, म्हणून मी यालाच ठेवून घेतलं. प्रॅक्टिसनंतर आम्ही हॉलच्या ओल्या पायरीवर बसायचो. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलं नाही.

"जरा सोपं करून सांग बघू तुझं ते सॉफ्ट पॉवर."

"एखाद्या देशाला धाक दाखवून आपल्याकडे ओढता येतं. पैसे चारूनही ओढता येतं. पण तिसरी एक रीत आहे... आपण त्याला आवडायला लागायचं. आपली गाणी पाठवायची, नाटकं पाठवायची, त्याच्या मुलांना शिकायला बोलवायचं—"

"म्हणजे लाइन मारायची!"

तो दचकला. चष्मा काढून पुसत बसला आणि म्हणाला, "हो... पण सरकारी खर्चाने."

मी इतकी हसले, की फादर खिडकीतून डोकावले.

त्याने मला दोन गावांची गोष्टही सांगितली होती. नदीच्या अल्याड एक देश, पल्याड दुसरा, मध्ये एक पूल. महायुद्धात दोन्ही गावांनी एकमेकांची माणसं मारलेली. पुढे या गावचं गायनमंडळ त्या गावी जाऊन गायलं, त्या गावची मुलं या गावच्या घरांत राहून गेली, आणि वैर हळूहळू निवळलं.

"पण 'दोस्ती करू या' असं आधी म्हणालं कोण?" मी विचारलं.

"कुणीच नाही! तीच तर गंमत आहे, ज्युली. मागायचं नसतं. समोरच्याला आपणहून वाटलं पाहिजे."

त्या संध्याकाळी मला ते काय गोड वाटलं होतं! आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

पावसाळा सरला, आणि माझ्या घरावर त्याची मुत्सद्देगिरी सुरू झाली. माझे डॅडी, ऑगस्टीन, तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. सुमेधने ती धूळ खात पडलेली कॉर्नेट माळ्यावरून काढायला लावली आणि डॅडींच्या सगळ्या जुन्या चाली रेकॉर्ड केल्या. आई सुकेळी करते. सोललेली राजेळी केळी अंगणात उन्हाला घालायची आणि वाळेपर्यंत राखायची. हा पठ्ठ्या हातात काठी घेऊन तासन्‌तास कावळे हाकलत बसायचा! आई कौतुकाने म्हणायची, "पोरा, पानी पी आधी." आमच्या घरातली बोलीसुद्धा तो शिकायला लागला. चुकीची बोलायचा, पण बोलायचा.

"सगळं घर खिशात घातलंस की रे," मी एकदा म्हटलं. "आता कुठला देश राहिला?"

त्याचे कान लाल झाले. "एक छोटासा आहे... अजून तटस्थ आहे."

"तटस्थ कसला! त्याला कुणी विचारलंच नाही अजून."

मी सरळ त्याच्याकडे बघत होते. आणखी किती सरळ सांगायचं एखाद्या मुलीने? तो वाकला... आणि बुटाची नाडी बांधत बसला.

ईस्टर झाल्यावर मला निर्मळ गावच्या गॉडफ्रेचं स्थळ आलं. गॉडफ्रे बँकेत होता, साधा, थोडा जाडसर. आईडॅडींच्या देखतच त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "मला तू आवडलीस. तुझ्या मनात दुसरं कुणी असेल तर आत्ताच सांग. मी चहा पिऊन जाईन, राग नाही धरणार."

मनात दुसरं कुणी होतं हो! पण त्या दुसऱ्याच्या मनात काय आहे, ते मी कुणाच्या भरवशावर सांगू? मी थोडे दिवस मागून घेतले आणि सुमेधला पाचूबंदरच्या धक्क्यावर गाठलं. खारं वारं सुटलं होतं, काठीवर बोंबील वाळत होते. मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

तो होड्यांकडे वळला.

"मुलगा... चांगला वाटतोय," तो म्हणाला.

"चांगलाच आहे. मी काय करू?"

"मी कसं सांगू, ज्युली? तुझं घर, तुझं चर्च... मी तुमच्यातला नाही. माझ्यामुळे तुझं काही तुटावं असं मला नाही वाटत. मी तुझ्यावर दबाव नाही आणणार."

आण ना रे दबाव! घरच्यांशी मी भांडले असते. डॅडींनी चार दिवस तोंड फिरवलं असतं, आई रडली असती, मग आमच्या लग्नात त्यांची कॉर्नेट वाजलीच असती. पण भांडायला हातात काहीतरी हवं ना? एक प्रश्न तरी? मी म्हटलं, "बरं." आणि रिक्षात बसून भुईगावपर्यंत रडले. त्याच आठवड्यात मी गॉडफ्रेला हो कळवलं.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नवरा-नवरीची नावं पुकारतात. या लग्नाला कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर कळवावं, असं फादर सांगतात. ती अडचण म्हणजे आधीचं लग्न, जवळचं नातं, असलं काहीतरी. 'मला ती आवडते' ही अडचण धरत नाहीत, हे मलाही कळतं. तरीपण वेड्या मनाने ठरवून टाकलं, की तिसऱ्या पुकारापर्यंत त्याने एक शब्द काढला, तर मी लग्न मोडेन. गावभर छीथू झाली तरी मोडेन.

पहिल्या रविवारी नावं पुकारली, तेव्हा टेनरच्या रांगेतून कुणीतरी खोकलं. मी झर्रकन मान वळवली... गॅब्रिएल अंकल होते. दुसऱ्या रविवारी बाहेर पडताना सुमेध माझ्यापाशी थांबला. "ज्युली..." म्हणाला. मी एक पाऊल पुढे आले. "युरोपची फेलोशिप मिळाली. जूनमध्ये निघतोय," एवढं बोलून चालू लागला. आणि तिसऱ्या रविवारी फादरनी माझं नाव घेतलं, गॉडफ्रेचं घेतलं, कुणाला काही अडचण असल्यास, म्हणाले. मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसले होते. कुठेतरी एक मूल रडत होतं, पंखे फिरत होते. बाकी काही नाही.

मग शेवटचं गीत सुरू करायचं होतं. मी सूर दिला. इतक्या महिन्यांत कधी धड न गायलेला तो मुलगा त्या दिवशी पहिल्याच ओळीपासून अगदी सुरात गायला. एकही स्वर ढळला नाही. मला समोरच्या कीबोर्डच्या पट्ट्या दिसेनात. हिल्डाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो गीत संपेपर्यंत काढला नाही.

मे महिन्यात लग्न झालं. गॉडफ्रे चांगला आहे. पंखा बंद करू का, दिवा मालवू का, तुझ्या आईकडे जाऊ या का... प्रत्येक गोष्ट विचारतो. कधी कधी त्याच्या त्या साध्या प्रश्नांनीच डोळे भरून येतात, आणि का ते त्याला सांगता येत नाही.

डिसेंबरात मी माहेरी आले होते. अंगणात सुकेळी वाळत होती, मी काठी घेऊन बसले होते. फाटक वाजलं. वर बघते तर सुमेध! वाळला होता. आईने पाणी दिलं, खुशाली विचारली आणि आत निघून गेली.

"मी त्या गावी जाऊन आलो," तो म्हणाला. "त्या पुलाच्या."

"मग? झाली गोष्ट पक्की?"

"चुकीची निघाली." त्याने चष्मा काढला, पण पुसला नाही. "त्या पहिल्या गायनमंडळातल्या एक बाई भेटल्या. खूप म्हाताऱ्या. त्या म्हणाल्या, गाणी-बिणी सगळं नंतरचं. आधी एक माणूस पूल ओलांडून पल्याड गेला होता. दार वाजवलं आणि विचारलं, 'आम्हाला तुमच्याशी दोस्ती करायचीय. तुम्ही कराल का?'"

मी कावळा हाकलला. कावळा नव्हताच.

"मी विचारायला हवं होतं, ज्युली."

"हो," मी म्हटलं. "मी हो म्हटलं असतं. पहिल्याच दिवशी... तू चुकीच्या रांगेत उभा होतास ना, तेव्हाच."

 तो उठला, फाटकापाशी गेला, परत वळला. घसा खाकरला. आणि ज्या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, त्याने सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं:

"नाताळच्या गाण्यांना येऊ का मी? टेनरमध्ये?"

टेनरची जागा अजून रिकामीच होती. गॅब्रिएल अंकल एकटेच रांग सांभाळत होते. लग्नानंतरही मी दर शनिवारी प्रॅक्टिस घ्यायला यायचे, आणि अख्खा पावसाळा हॉलमध्ये कुणी छत्री झटकली की माझी मान दाराकडे वळायची.

"नको, सुमेध," मी म्हटलं.

त्याने मान डोलवली. फाटक हळूच लावून घेतलं, आईला आवाज जाऊ नये इतकं हळू. मी ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून राहिले. आईने येऊन बघितलं, तेव्हा कडेची केळी कावळ्यांनी खाऊन टाकली होती.