सुकाण्याचं गाऱ्हाणं

सत्तावन्न सालच्या निवडणुकीत वालावलच्या आमच्या शाळेत बायकांसाठी वेगळी खोली ठेवली होती. मी तिथली मास्तरीण, म्हणून बोटांना शाई लावायचं काम माझ्याकडे. पुरुषांना आत मज्जाव... तरीही तो आत शिरला.

झालं असं, की यादीत दोन नर्मदा निघाल्या. मतदान घ्यायला आलेल्या साहेबांनी समोरच्या नर्मदाकाकूंना नवऱ्याचं नाव विचारलं. काकूंनी पदर दातांत धरला. सरकार असो की आणखी कुणी, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही.

"एका नदीचा नाव, आणि फुडे देवाचा," त्या शेवटी म्हणाल्या.

"यमुना... दास?" साहेब घाटावरचे, बिचारे घामाघूम झाले होते.

"गंगाराम," खिडकीतून आवाज आला आणि पाठोपाठ आवाजाचा मालक दारातून आत. उंच, उन्हाने रापलेला, डोळ्यांत मिश्कील हसू. "मी हिचो झील, हरिश्चंद्र. बोटीर सुकाणी आसंय."

"पुरुषांनी बाहेर थांबायचं," मी म्हटलं.

"स्वित्झर्लंडात बायकांक भायर थांबाचा लागता, बाई. थंय बायकांक मतच नाय. आमच्या बोटीर एक स्विस आसा, त्याच्या आवशीन जल्मात मत देवक नाय."

आईनं जन्मात मत दिलं नाही? मी चमकून त्याच्याकडे पाहिलं, आणि शाईची बाटली टेबलावर कलंडली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना तो नारळाची सोडणं आणि वाळू घेऊन हजर. बोटीचा डेक घासतात तसं टेबल घासायला बसला. त्यानंतर रोज यायला लागला. मुलं घरी जायची, मी वह्या तपासायची, तो घासायचा. डाग जसाच्या तसा.

"निवडणुकीची शाई आहे ती. निघत नसते," मी एकदा म्हटलं.

"म्हणान तर रोज येतंय," तो खाली बघूनच म्हणाला. माझे कान तापले. मी उगीचच एका बरोबर गणितावर फुली मारली.

घासता घासता तो मला जग दाखवायचा. नॉर्वेतल्या एका बंदरात पोस्टात शिक्के मारणारी बाई पोटुशी होती आणि तिच्याकडे कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं. इंग्लंडात बाळंतपणाला दवाखान्यात दमडी पडत नाही. आणि हॉलंडात? तिथे म्हणे लग्न झालं की बाईला सरकारी नोकरीतून काढून टाकत.

"आता तो कायदो बदलतत म्हणतत. आपल्याकडे बरा, असलो कायदो नाय."

"आपल्याकडे त्यासाठी कायदा लागत नाही," मी म्हटलं. "सासरे पुरतात."

तो खो खो हसला. मग एकदम मान खाली घालून जोरात घासायला लागला. मला त्याचं कारण कळलं, कारण त्याचे वडील गंगारामकाका मला ठाऊक होते. माणूस उदार, पण सुनेनं उंबऱ्याबाहेर नोकरी करावी हे त्यांच्या स्वप्नातही येणारं नव्हतं.

होळी झाली, आंबे पाडाला आले, आणि बोटीचं बोलावणंही आलं. देवळामागच्या तळ्याच्या पायरीवर त्यानं मला विचारलं. म्हणजे विचारलंच नाही, नुसतं माझ्या ओंजळीत सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, ठेवला. मला तो माणूस हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पण ती शाळासुद्धा हवी होती. घरच्यांशी भांडून, रडून मिळवली होती मी ती.

"आणि माझी शाळा?"

"बाबांका सांगूक... अजून धीर होवक नाय."

माझं डोकं फिरलं. शाळेतली भाषा शाळेत राहिली, तोंडातून घरचीच आली. "सगळ्या मुलखांचे कायदे तुका पाठ, आणि आपल्या पडवेर तुझी वाचा बसता?"

"आज माका 'तुका' म्हटलंस?" तो हळूच म्हणाला. मी वळेसर पायरीवर ठेवला आणि निघून आले.

बोटीवर जाणाऱ्या माणसासाठी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची आमच्याकडची रीत. गुरव देवाला सांगतो आणि जमलेली माणसं एका सुरात होकार देतात. मी जाणार नव्हते. गेले, आणि बायकांच्या मागे खांबाशी उभी राहिले.

"बा देवा लक्ष्मी-नारायणा," दाजी गुरवांनी सूर लावला, "ह्या तुझा लेकरू सात समुद्रापार जाता, त्येका राखणदार हो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गंगारामकाकांचा आवाज सगळ्यांच्या वर.

"त्येच्या वाटेर इडा-पिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि काय सांगणा आसा?" असं विचारायची पद्धत आहे, उत्तर सहसा कुणी देत नाही.

"आसा," हरिश्चंद्र म्हणाला. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "आमच्या घरात सून येतली, ती लग्नानंतरय शाळेत शिकवतली. तिका कोणी आडवू नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सवयच ती. काका तर सगळ्यांत जोरात म्हणाले, आणि मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"ह्या... ह्या कसला गाऱ्हाणा?"

"देवासमोर व्हय म्हटल्यात तुमी," नर्मदाकाकू शांतपणे म्हणाल्या. "मत पडला तुमचा. पडलेला मत परत घेवक गावता काय?" आणि पदर सावरत त्या थेट माझ्याकडे वळल्या. "नाय गो बाई? तुकाच ठावक."

सगळं देऊळ माझ्याकडे बघायला लागलं. मी मान हलवली. काकांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग देवाकडे, मग बराच वेळ नारळाकडे. "फोड रे दाजी," ते शेवटी पुटपुटले. "देवाक काय सांगतलंय आता?"

मी पळतच तळ्यावर आले. तो मागोमाग आलाच.

"कुठल्या देशात अशी मागणी घालतात?" मी पाण्याकडे बघत विचारलं.

"खंयच नाय." तो एक पायरी खाली येऊन थांबला. "सगळे व्हय म्हणाले, सुगंधा. एकच आवाज माका आयकाक येवक नाय."

खरं होतं ते. देवळात मी नुसती मान हलवली होती. त्यानं खिशातून वळेसर काढला, सुकलेला, पण वास तसाच. या वेळी मी तो घेतला आणि सरळ केसांत माळला.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.