एकदा म्हणजे पुन्हा

सुरुवातीपासूनच सांगतो. सुरुवातीपासून सांगायची मला आता सवय झाली आहे.

भाचीचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होतो. "मामा, रविवारी येतेय. आईचं व्हायोलिन घेऊन जाते. लेकीला शिकायचंय." मी बरं म्हणालो. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? वाद्य तिच्या आईचं, म्हणजे माझ्या ताईचं. ताईला जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि तेवढी सगळी वर्षं ते तिच्या खोलीत, कपाटावर, पेटीत बंद पडलं होतं. मी ती पेटी कधी उघडली नव्हती. तारा गंजल्या असतील, निदान पुसून तरी द्यावं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती काखेत मारून मी वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे निघालो. वाटेत शेजारी भेटले. "आता या वयात शिकताय की काय?" म्हणून हसले. मीही हसलो.

दुरुस्तीवाला म्हातारा होता. कपाळावर भिंग चढवलेलं, बोटं सरसाने पिवळी पडलेली. त्याने पेटीच्या कड्या उघडल्या आणि राळेचा वास आला. गजाच्या केसांना लावतात ती राळ. ताजा, गोडसर, जरा जळका वास. ताई घरात असताना तिच्या साड्यांनाही तोच यायचा.

म्हाताऱ्याने तारांखालून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. बोटावर पांढरी भुकटी होती.

"चांगला रियाज आहे," तो म्हणाला. "रोज दोन-तीन तास तरी वाजतंय हे. ही वडी बघा."

राळेच्या वडीला मधोमध खाच पडली होती. इतकी खोल, की खालचं कापड दिसत होतं. ती वडी भाचीने आईला नवी कोरी आणून दिली होती, ताई गेली त्याच आठवड्यात.

"कोण वाजवतं?"

"मीच," मी म्हणालो.

"डावा हात बघू."

लहान मुलासारखा मी हात पुढे केला. त्याने माझ्या बोटांची टोकं एकेक करून दाबून पाहिली. "ही बोटं तारेला कधी लागलेली नाहीत, साहेब." माझे कान तापले. त्याने पेटी बंद करून माझ्याकडे सरकवली, पण हाताने नाही, फडक्याने धरून. "तारा बदलायची गरज नाही. जे कोणी वाजवतं, त्याला जरा विश्रांती द्या."

आता ताईबद्दल.

ती नाटकांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायची. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन माझ्याकडे राहायला आली. मी सकाळी छापखान्यात मुद्रितं तपासायचो आणि दुपारी कादंबरी लिहायचो. लिहायचो म्हणजे कागदापुढे बसायचो. दोन वर्षांत चाळीस पानं झाली होती, त्यातली तीस फाडण्याच्या लायकीची. एका दुपारी भिंतीपलीकडे ताई सराव करत होती. एक संथ धून. तिचा गज जिथे परत फिरायचा, तिथे माझं वाक्य वळायला लागलं. माझ्या कादंबरीतली बाई जिना कशी चढते ते मला वर्षभर कळत नव्हतं, ते त्या धुनेत स्वच्छ ऐकू आलं. तिसऱ्या ओळीत एका अवघड जागी ताई दर वेळी जराशी अडखळायची आणि तिथेच, नेमकं तिथेच, माझी माणसं खोटं बोलायची. त्या दुपारी मी नऊ पानं लिहिली. मग ती रोजचीच रीत झाली.

बोललं की माझी तंद्री मोडायची, म्हणून मी खुणा ठरवल्या. भिंतीवर एकदा टकटक म्हणजे सुरू कर, किंवा पुन्हा, पहिल्यापासून. दोनदा म्हणजे पुरे.

एकदाची टकटक मी शेकडो वेळा केली असेल. दोनदाची फार क्वचित.

ताई हसायची. "तू मुकादम व्हायला हवा होतास, नुसता हुकूम सोडतोस," म्हणायची. संध्याकाळी चहा घेताना खांदा दाबत बसायची. मी पान वाचून दाखवायचो, ती डोळे मिटून ऐकायची आणि एखाद्या जागी म्हणायची, "हे खोटं वाटतंय रे." ते खरोखरच खोटं असायचं.

पुस्तकं आली, नाव झालं. मुलाखतीत कुणी विचारलं, तुम्ही कसं लिहिता? मी तोंड वर करून सांगितलं, "मला पूर्ण शांतता लागते. टाचणी पडली तरी चालत नाही." ताईने ती मुलाखत कापून वहीत चिकटवून ठेवली. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ती गेली त्या दिवशी मी कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणावर होतो. जेवताना ती म्हणाली, "आज डावा हात जड झालाय. छातीतही काहीतरी होतंय."

मी म्हणालो, "एवढं प्रकरण होऊ दे, मग लगेच डॉक्टरांकडे जाऊ."

एक वाजता मी भिंतीवर एकदा वाजवलं. ताईने सुरुवात केली. मध्ये एकदा ती थांबली, पण लगेच पुन्हा सुरू झाली. त्यानंतर जे वाजलं तसं तिने आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. अवघड जागी एकदाही अडखळली नाही. मी लिहीत सुटलो. पाच वाजता प्रकरण संपलं आणि खूण करायचंही भान न ठेवता मी पानं घेऊन तिच्या खोलीकडे धावलो. दाराला हात लावेपर्यंत व्हायोलिन चालू होतं. दार उघडलं आणि थांबलं.

ताई खुर्चीत होती, मान एका बाजूला. व्हायोलिन मांडीवर, गज जमिनीवर. हात थंडगार होते.

डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "अडीचच्या सुमारास गेल्या असाव्यात. तुम्हाला काही ऐकू आलं नाही?"

"नाही," मी म्हणालो.

त्या प्रकरणाचं फार कौतुक झालं.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा लिहायला बसलो. ओळ सुचेना. सवयीने हात भिंतीकडे गेला, एकदा टकटक झाली. आणि पलीकडच्या रिकाम्या खोलीत गज तारेवर टेकला.

मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर आनंद झाला, आणि त्याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. नऊ वर्षं रोज दुपारी मी एकदा टकटक करत आलो. चार कादंबऱ्या लिहिल्या. दोनदा कधीच वाजवलं नाही. दोनदा वाजवलं आणि ती कायमची थांबली तर? त्यापेक्षा लिहून झालं की मी गुपचूप बाहेर फिरायला जायचो. परत येईपर्यंत पलीकडे शांत झालेलं असायचं.

रविवारी दुपारी भाची आली. मी पेटी माझ्या टेबलावर ठेवली होती. तिने उघडली, वडीवरची खाच पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मामा, हे कोण वाजवतं?"

मी विषय टाळला. म्हणालो, "आठ दिवस थांबतेस का? एवढं शेवटचं प्रकरण होऊ दे, मग मी स्वतः आणून देतो."

वाक्य तोंडातून निघालं आणि मी जीभ चावली. हेच, अगदी हेच मी ताईला म्हणालो होतो. मला तिथे बसवेना. भाचीला मी सगळं सांगितलं, खुणांपासून डॉक्टरांपर्यंत. ती रडेल असं वाटलं होतं. तिने पेटी मिटली आणि कड्या लावल्या. मग मला एक वेडी आशा वाटली, की आईचं वाजवणं ऐकून तरी ही मला माफ करेल.

"ऐकायचंय तुला?" मी विचारलं आणि भिंतीवर एकदा वाजवलं.

धून सुरू झाली. तीच संथ धून. बंद पेटीच्या कड्या टेबलावर बारीक थरथरत होत्या. मी डोळे मिटले. माझी मानसुद्धा डोलत असेल.

"मामा..." भाचीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुला काय ऐकू येतंय?"

"काय म्हणजे? ताईचं व्हायोलिन."

"व्हायोलिन नाहीये ते..." तिने भिंतीला कान लावला होता आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आई कण्हतेय. तिला श्वास घेता येत नाहीये, मामा. ती... ती थांबूही शकत नाहीये. हे तू रोज ऐकतोस?"

मी ऐकत होतो. मला अजूनही फक्त सूर ऐकू येत होते, गोड, एकही चूक नसलेले.

"थांबव," भाची म्हणाली. "तिला सोड."

माझा हात उचलेना. पुढ्यात अर्धं प्रकरण पडलं होतं. लाज सांगतो ती ही, की त्या क्षणीही मी त्या पानाकडे पाहिलं. मग दोनदा वाजवलं.

टक. टक.

पलीकडे एक लांब श्वास सुटला, तो मात्र मलाही ऐकू आला. मग काहीच नाही. भाचीने पेटी उचलली आणि 'येते' न म्हणता निघून गेली.

मी तसाच बसून राहिलो. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. नऊ वर्षांनी का होईना, एक गोष्ट नीट केली, असं मनाशी म्हणत होतो. तेवढ्यात पलीकडून, त्या रिकाम्या खोलीतून, भिंतीवर आवाज आला.

टक.

एकदाच.

सूर आले नाहीत. यायचे कुठून? वाद्य तर भाचीने नेलं होतं. थोड्या वेळाने पुन्हा तसंच, एकदा. आता पाळी माझी होती. मी कोरा कागद ओढला आणि हे सगळं लिहायला घेतलं. लिहून संपलं, पेन खाली ठेवलं.

टक.

पुन्हा, पहिल्यापासून.

भाषा सुधारली, पुन्हा लिहिलं. टक. स्वतःला जास्त दोष दिला, जास्त रडलो. टक. ही सातवी वेळ आहे. बोटं सुजली आहेत, खांदा भरून आला आहे. काल लिहिता लिहिता डावा हातही जड वाटायला लागला. ताई अशीच बसायची आणि मला वाटायचं, नाटक करतेय.

पहाटे माझ्या ध्यानात आलं. ती दाद मागत नाहीये. संध्याकाळी चहा घेताना म्हणायची तेच म्हणतेय, 'हे खोटं वाटतंय रे.'

तर ती जागा अशी. मध्ये एकदा ती थांबली, पण लगेच पुन्हा सुरू झाली, असं मी वर लिहिलं आहे. सहाही वेळा तसंच लिहिलं. ती लगेच सुरू झाली नव्हती. अडीच वाजता गज जमिनीवर पडल्याचा आवाज मी ऐकला होता. मग तिने मला हाक मारली होती. दोनदा, नाव घेऊन. मला सगळं ऐकू आलं होतं. मी एका वाक्याच्या मधोमध होतो. मी भिंतीवर एकदा वाजवलं. तिकडून काही आलं नाही, म्हणून पुन्हा वाजवलं, रागाने, मुठीने. आणि तेव्हा ती वाजवायला लागली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भाचीलाही नाही.

आता पेन खाली ठेवलं आहे. दुपारचे अडीच वाजले आहेत. खोलीत राळेचा वास येतो आहे.

टक.

एक झाली. मी दुसरीची वाट बघतो आहे.